एकदा वायर ओढून बघा

"सर, दोन्ही लाइन गेल्या ना! नेट येऊनच नाही राहिलं."

फोनवरचं पोरगं नवं होतं आणि घाबरलेलं होतं. नवतपा सुरू होता, सकाळचे साडेअकरा वाजले होते. नागपुरातल्या एका मोठ्या सार्वजनिक संस्थेत सगळ्या खिडक्यांवरची कामं थांबली होती, आणि रांगेतली माणसं कूलरच्या हवेसाठी एकमेकांना सरकवत होती. संस्थेचं नाव सांगण्यात अर्थ नाही. दुसऱ्या कुठल्याही ऑफिसची पाटी तिथे लावली तरी गोष्ट तीच राहील.

या संस्थेकडे दोन वेगळ्या कंपन्यांच्या दोन लीज लाइन, म्हणजे फक्त संस्थेसाठी भाड्यानं घेतलेल्या इंटरनेटच्या लाइन, होत्या. दोन राउटर, दोन फायरवॉल, दोन यूपीएस. एक गेलं तर दुसरं, अशी सगळी मांडणी जोडीजोडीनं केलेली, आणि ती मंजूर करायला समितीनं चहा-बिस्किटांसह तीन बैठका घेतलेल्या. मी पोहोचलो तेव्हा इमारतीपासून दोन-तीनशे पावलांवर, सिमेंट रस्त्याच्या कडेला जेसीबी उभा होता. चालक निंबाच्या सावलीत बसला होता. खड्ड्यात फुटलेल्या एका पाइपातून दोन केबल बाहेर लोंबत होत्या. कंपन्या दोन, बिलं दोन, कस्टमर केअरचे नंबर दोन. पाइप मात्र एक.

जेसीबीवाल्याचा मला राग आला नाही. जमिनीखाली काय आहे हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. राग आला तो स्वतःचा, कारण ते टेंडर लिहायला मीच मदत केली होती.

तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालं आहे आणि ते मी भेटेल त्याला ऐकवतो. सार्वजनिक पैशातून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक नेटवर्कची आणि सर्व्हर रूमची परीक्षा ते बंद पाडून घेतली पाहिजे. विकत घेताना एकदा, आणि मग वर्षातून किमान दोनदा. दिवसाढवळ्या, साक्षीदारांसमोर, हातानं वायर ओढून. ज्या नेटवर्कची वायर ओढायला पुरवठादार घाबरतो, त्याच्या बिलाचा शेवटचा हप्ता देऊ नये. नागपुरात डेटा सेंटर कोणाचं येणार, किती हजार कोटींचं येणार, याची चर्चा आपल्याकडे मोठ्या हौसेनं चालते. चालू द्या. पण आहे त्या शहराचं नेटवर्क एका खड्ड्यानं झोपत असेल, तर त्या हौसेला फार अर्थ उरत नाही.

आपली टेंडरं कशी असतात ते एकदा वाचून पाहा. ४८ पोर्टचे स्विच इतके. फायरवॉल दोन, ‘हाय अव्हेलेबिलिटी’सह. रॅक ४२ यू. लीज लाइन दोन, ‘वेगवेगळ्या सेवा पुरवठादारांच्या’. मागे कंप्लायन्स शीट, प्रत्येक ओळीसमोर ‘होय’. एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दर भरणारा, ठरतो, माल येतो, खोकी मोजली जातात, सिरियल नंबर टिपले जातात, रॅकसमोर फोटो निघतो, बिल मंजूर होतं. दुपारी तीन वाजता पहिली लाइन काढली तर चार नंबरच्या खिडकीवरचा माणूस किती सेकंद खोळंबेल, हा प्रश्न त्या दोनशे पानांत कुठेच नसतो. ‘वेगवेगळे पुरवठादार’ लिहिलेलं असतं. ‘वेगवेगळे मार्ग, इमारतीच्या वेगवेगळ्या बाजूंनी’ हे लिहिलेलं नसतं. पुरवठादार तरी काय करतील? अनेकदा एक कंपनी दुसरीचीच फायबर भाड्यानं घेऊन आपलं स्टिकर लावते.

गंमत म्हणजे मार्गांच्या बाबतीत नागपूरइतकं नशीबवान शहर शोधून सापडायचं नाही. झीरो माइलचा दगड खरंच भारताचा मध्य आहे का, यावर ज्यांना वाद घालायचा त्यांनी घालावा. नेटवर्कला त्या दगडाशी काही देणंघेणं नाही. देणंघेणं आहे ते रेल्वेच्या डायमंड क्रॉसिंगशी. हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई हे लोहमार्ग इथे एकमेकांना छेदतात, राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि ५३ इथेच भेटतात, आणि लांब पल्ल्याची फायबर जाते ती अशीच रुळांच्या नि रस्त्यांच्या कडेकडेनं. रेलटेलची तर उभारणीच रुळांलगतची. म्हणजे चार दिशांना जाणाऱ्या काचेच्या तारा या शहरातून जातात, आणि ऑफिसात शिरतात त्या गेटजवळच्या एकाच चेंबरमधून, कारण मागच्या बाजूनं खोदायचा कंटाळा आला.

मुंबईचं अंतरही आपण उगीच मनाला लावून घेतो. काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. तेवढ्या लांबीची फायबर सरळ टाकली तर जाऊन-येऊन सात मिलिसेकंद. वाटेतली वळणं आणि उपकरणं धरून पंधरा-वीस म्हणा. पापणी लवायला याच्या पाचपट तरी वेळ लागतो. तेव्हा ‘सर्व्हर मुंबईत आहे म्हणून स्लो चालतं’ असं कोणी सांगितलं, तर त्याला आधी ऑफिसातला वाय-फाय तपासायला लावा.

अंतर नडतं ते वेगळ्या प्रकारे. एकदा एका ग्राहकाच्या धरमपेठेतल्या ऑफिसातून सदरच्या ऑफिसचा ट्रेसराउट, म्हणजे डेटाचं पॅकेट कुठून कुठून जातं त्याचा माग, काढला. दोन्हीकडे वेगळ्या कंपनीचं नेट. चार-पाच किलोमीटरवर जायचं पॅकेट मुंबईला जाऊन परत येत होतं, कारण त्या दोन कंपन्या एकमेकींना भेटत होत्या तिथे. वेळेचं काही फार बिघडत नाही. पण वाटेत कुठे फायबर तुटली, तर शेजारच्या दोन पेठांचा एकमेकींशी संबंध तुटतो. गावातलं भांडण सोडवायला दर वेळी हायकोर्टात जाण्यासारखं आहे हे. शहरातली रहदारी शहरातच अदलाबदल व्हावी, शहरातल्या प्रत्येक कंपनीनं तिथे हजेरी लावावी, यासाठी महापालिकेनं आणि मोठ्या संस्थांनी आग्रह धरायला हवा. हजार कोटींच्या घोषणेपेक्षा हे काम कितीतरी स्वस्त आहे. त्याचं भूमिपूजन करता येत नाही, हीच काय ती अडचण.

हे दुखणं फक्त आपल्याच घरचं, असंही नाही. ८ जुलै २०२२ ला कॅनडातल्या रॉजर्स या बलाढ्य कंपनीचं नेटवर्क जवळपास दिवसभर झोपलं. फोन, इंटरनेट, देशभरातले डेबिट कार्डाचे व्यवहार, कित्येकांना आपत्कालीन ९११ सुद्धा लागेना. अपग्रेडच्या कामात एका राउटरवरचं एक फिल्टर काढलं गेलं, मार्गांच्या माहितीचा लोंढा गाभ्यातल्या राउटरांवर आदळला आणि ते कोलमडले. माझी झोप उडवली ती पुढच्या तपशिलानं: बिघाड दुरुस्त करायला आत शिरायचा रस्ताही त्याच नेटवर्कवरून होता, आणि इंजिनिअरांच्या खिशातले फोनही त्याच कंपनीचे. किल्ली आत ठेवून दार ओढून घ्यावं, तसं. आपल्याकडच्या किती सर्व्हर रूमना दुसरं दार आहे? एक साधा फोर-जी मोडेम, तिसऱ्याच कंपनीचं सिम, दोन-चार हजारांचं काम. मी विचारतो तेव्हा लोक आधी हसतात आणि मग आपापल्या फोनमधलं सिम कुठल्या कंपनीचं आहे ते आठवायला लागतात.

दक्षिण कोरियाचं आणखी ताजं. २६ सप्टेंबर २०२५ ला देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्या हलवताना आग लागली. सहाशेहून अधिक सरकारी सेवा थांबल्या. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायली ज्या ‘जी-ड्राइव्ह’वर असायच्या, तिथला ८५८ टेराबाइट डेटा जळून गेला, त्याची बाहेर प्रतच नव्हती, कारण म्हणे तो आकारानं फार मोठा होता. वेगवान इंटरनेट मिरवण्यात जगात पहिल्या रांगेत असलेल्या देशाची ही कथा.

आपल्याकडे आग लागायची गरज पडत नाही, पाणी पुरतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदी रस्त्यांवर आली आणि काही तासांत तळघरं भरली. यूपीएस आणि बॅटऱ्या तळघरात ठेवायच्या ही आपली जुनी खोड. त्या जड असतात, आवाज करतात, आणि तळघर नाही तरी रिकामंच असतं. त्या पुरानंतर काही शहाण्यांनी त्या वर चढवल्या. बाकीच्यांनी गाळ काढला, फिनाइलनं पुसून घेतलं आणि नव्या बॅटऱ्या जुन्याच चौथऱ्यावर बसवल्या. मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

वायर ओढायची सूचना मांडली की समोरून पहिलं उत्तर येतं, "चालू आहे ते कशाला छेडता, जी?" दुसरं उत्तर अधिक खरं असतं: "बंद पडलं तर जबाबदार कोण?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सरकारी ऑफिसात आपोआप बंद पडलेल्या यंत्राची चौकशी होत नाही, पण मुद्दाम बंद केलेल्याची होते. जेसीबीनं लाइन तोडली तर ते नशीब, साहेबांनी ओढली तर निष्काळजीपणा. म्हणूनच ही गोष्ट एखाद्या उत्साही अधिकाऱ्याच्या हिमतीवर सोडून चालणार नाही. ती टेंडरमध्ये, एएमसीच्या (वार्षिक देखभालीच्या) करारात आणि संस्थेच्या कॅलेंडरवर छापील हवी, म्हणजे ओढणाऱ्याला कागदाचा आधार राहील. अतिदक्षता विभागाच्या नेटवर्कपासून सुरुवात करा, असंही माझं म्हणणं नाही. सुरुवात शनिवारी संध्याकाळी करा, ग्रंथालयाच्या स्विचपासून करा. पण दोन-तीन वेळा जमलं की कामाच्या दिवशी करा, कारण गर्दीच्या वेळचं नेटवर्क हा वेगळाच प्राणी असतो.

याविरुद्ध जाणारं एक उदाहरण आहे आणि ते लपवणं बरं नाही. फेसबुक अशा तालमी नेमानं घ्यायचं, त्यांना ‘स्टॉर्म’ म्हणायचं. तरी ४ ऑक्टोबर २०२१ ला ते सहा तासांच्या आसपास जगाच्या नकाशावरून पुसलं गेलं. देखभाल करताना दिलेल्या एका आज्ञेनं डेटा सेंटरांना जोडणारा सगळा कणाच बंद झाला. ती आज्ञा अडवायला ठेवलेल्या तपासणीच्या प्रोग्रॅममध्येच चूक होती. मग नावावरून साइटचा पत्ता सांगणाऱ्या डीएनएस सर्व्हरांनी आपले पत्ते स्वतःच मागे घेतले. नंतर कंपनीनं कबूल केलं की सगळा कणा एकदम गेला तर काय, ही तालीम कधी घेतलीच नव्हती. तालीम असूनही पडले, हे खरं. पण उठताना सगळा भार एकदम अंगावर घ्यायचा नाही, विजेच्या यंत्रणेवर एकदम ताण येईल, टप्प्याटप्प्यानं सुरू करायचं, हे त्यांना जमलं ते त्या तालमींमुळेच, असंही त्यांनी लिहून ठेवलं. मला एवढं पुरेसं वाटतं.

आता त्या मोठ्या डेटा सेंटरकडे वळू, कारण त्याचा विषय निघाला की प्रत्येक नागपूरकर आधी उन्हाबद्दल बोलतो. ४५ अंशांत कुठे मशिनं थंड ठेवता? माझं मत उलटं आहे: ऊन ही यातली सगळ्यात लहान अडचण.

सर्व्हरला साधारण १८ ते २७ अंशांची हवा चालते. आपला घरचा कूलर आठवा. मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की वाळ्याच्या ताट्यांवर पाणी सोडलं की बाहेरच्या ४५ अंशांची हवा आत पंचवीस-अठ्ठावीसवर येते. अनेक मोठी डेटा सेंटरं नेमकी हीच युक्ती वापरतात, फक्त ताटीची जागा उंच मनोऱ्यांनी घेतलेली असते. मृगाचा पाऊस पडला की मात्र कूलर नुसता दमटपणा फेकतो, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, बाहेर ३० अंश असताना, कॉम्प्रेसर चालवावा लागेल आणि वीज खर्च होईल. मे महिन्यात वीज वाचेल पण पाणी जाईल, तेही शहराला पाण्याची सगळ्यात जास्त गरज असताना. डेटा सेंटरचा हिशेब पीयूई या आकड्यात मांडतात: एकूण वीज भागिले प्रत्यक्ष संगणकांना गेलेली वीज. दोन आला तर एका युनिटच्या कामासाठी दुसरं युनिट थंडाव्यात आणि गळतीत गेलं. या आकड्यात पाणी मात्र येत नाही. म्हणून कोणी छान पीयूई दाखवला की मी लगेच विचारतो, पाणी किती आणि कुठलं?

या प्रश्नाला नागपूरकडे चांगलं उत्तर आहे. भांडेवाडीला शुद्ध केलेलं शहराचं सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला दिलं जातं. दिवसाला १३० दशलक्ष लिटरच्या त्या प्रकल्पाची चर्चा देशभर झाली. वीज केंद्राला जे पाणी चालतं, ते आणखी थोडं शुद्ध करून डेटा सेंटरलाही चालेल. शहराला पिण्यासाठी येणारं पेंचचं पाणी देऊ नये, एवढी अट पहिल्या दिवशी घातली तर पुढचं भांडण टळेल. दुसरी अट: इमारतीत सगळ्या कंपन्यांना एकमेकींशी जोडता येईल अशी मीट-मी रूम हवी, आणि ती खुली हवी. तसं झालं तर धरमपेठेचं पॅकेट सदरला परस्पर जाईल आणि शहराच्या पदरात खरोखर काही पडेल. नोकऱ्यांवर मात्र फार भिस्त ठेवू नका. बांधकाम सुरू असेपर्यंत माणसं शेकड्यांनी असतात, मग उरतात ते पाळीवरचे तंत्रज्ञ, सुरक्षारक्षक आणि पंखे.

वीज हा मोठा प्रश्न आहेच. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानं २०२४ मध्ये जगातल्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, जगाच्या एकूण वापराच्या दीड टक्का. साधा रॅक पाच-दहा किलोवॅट खातो. एआयसाठीचा आजचा दाट रॅक १२० किलोवॅटच्या घरात जातो. एका कपाटात एका मोठ्या अपार्टमेंटचा भार! हवेनं तो थंड होत नाही, चिपच्या अंगावरून द्रव फिरवावा लागतो. कोराडी-खापरखेड्याची राख ज्यांच्या गच्चीवर पडते, त्यांना या विजेबद्दल दोन प्रश्न विचारायचा पूर्ण हक्क आहे.

फॅशनबद्दल थोडंच बोलतो. विक्रेते येतात आणि एसडी-वॅन, झीरो ट्रस्ट, आता एआयवर चालणारं नेटवर्क असं काहीबाही दाखवतात. यातलं बरंचसं चांगलं आहे. एसडी-वॅन दोन लाइनींमधली चांगली लाइन क्षणाक्षणाला निवडतो. पण दोन्ही लाइन एकाच पाइपात असतील तर तो बिचारा कोणती निवडणार? नवं म्हणून दाखवली जाणारी स्पाइन-लीफ रचना (स्विचचे दोन थर एकमेकांना जोडायची पद्धत) तर चार्ल्स क्लॉसनं १९५३ मध्ये टेलिफोन एक्स्चेंजसाठी मांडली होती. मूळ कल्पना थोड्या आहेत आणि जुन्या आहेत, म्हणून त्या शिकायला वेळ द्यावा. आमच्याकडे कामाला येणाऱ्या पोरांकडे क्लाउडची दोन-दोन सर्टिफिकेटं असतात, आणि गेटवे, म्हणजे बाहेर जायच्या दाराचा पत्ता, चुकीच्या सबनेटमध्ये (नेटवर्कच्या भागात) टाकल्यावर ती अर्धा दिवस इंटरनेट कंपनीला शिव्या देतात. पोरं हुशार आहेत. त्यांना कोणी वायर ओढू दिलेली नसते, इतकंच.

यंत्रानं दाखवलेला आकडा खरा मानायचा नाही, हेही त्यांना शिकवावं लागतं. मे २०२४ मध्ये आपल्या शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि देशभर बातम्या झाल्या. सेन्सर बिघडला होता. डॅशबोर्डवरचा हिरवा दिवाही तसाच असू शकतो.

जेसीबीचा प्रश्न सरकारी पातळीवर अगदीच दुर्लक्षित आहे असं नाही. केंद्र सरकारनं २२ मार्च २०२३ ला ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आणलं: खोदण्याआधी कळवायचं, मग ज्यांची केबल खाली आहे ते सांगतील. देशात वर्षाला जवळपास १० लाख वेळा फायबर तुटते आणि ३,००० कोटींचं नुकसान होतं, हा आकडा सरकारनंच तेव्हा दिला होता. खड्ड्याशेजारी बसलेल्या त्या चालकाला मी ॲपचं विचारलं. त्यानं मला विचारलं, "कोणतं, जी?"

त्याच संस्थेत पुढे आम्ही पहिली तालीम घेतली. दुसरी लाइन आता इमारतीच्या मागच्या बाजूनं, वेगळ्या रस्त्यावरून आली होती. ते मी स्वतः चेंबर उघडून पाहिलं होतं. शनिवार, दुपारचे चार. मोठे साहेब हाताची घडी घालून दारात उभे. ज्या पोरानं मला फोन केला होता, त्यालाच पहिली वायर ओढायला लावली. चाळीस सेकंदांत दुसरी लाइन लागली, स्क्रीन परत आल्या, साहेबांनी घडी सोडली. तेवढ्यात खिडकीवरून आवाज आला, "पेमेंट घेऊन नाही राहिलं!" बँकेकडे परवानगीच्या यादीत फक्त पहिल्या लाइनचा आयपी पत्ता होता. दुसऱ्याचा कोणी कधी दिलाच नव्हता. लाइन तीन वर्षं तयार उभी होती, भाडं चालू होतं, आणि गरजेच्या दिवशी तिच्यावरून एक रुपयाही घेता आला नसता. दुसऱ्या फायरवॉलचं लायसन्स आठ महिन्यांपूर्वी संपलेलं निघालं, ते वेगळंच.

साहेब काही बोलले नाहीत. रजिस्टर मागवून त्यांनी दोन्ही गोष्टी स्वतःच्या अक्षरात लिहिल्या, खाली सही केली आणि पुढची तारीख काय म्हणून विचारलं. पोरानं फळ्यावर पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख लिहिली. मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, तान्ह्या पोळ्याला कोण येते ऑफिसात?" मग ती खोडून आदल्या आठवड्यातल्या सोमवारची टाकली. सोमवारी तिथे सगळ्यात जास्त गर्दी असते.